ओट्यावरची माणसे गेल्यानंतर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी आवाज चढवला, तू फोन ठेवलास आणि तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. उपदेश करायचा नाही असे ठरवून लिहायला बसलो आहे; फक्त एवढेच विचारतो की, अभ्यासिकेतून रात्री खोलीवर येताना तुझ्याबरोबर कोणी असते का?

आपल्याच जातीच्या दुकानातून सामान घ्यावे, असे जे आवाहन गावात फिरले, त्याविरुद्ध तू लिहिलेले मी चार वेळा वाचले. शनिवारी तिघे जण ओट्यावर येऊन बसले. त्यांतले दोघे माझ्याच हाताखाली शिकलेले. ‘पोरीला समजावून सांगा, गुरुजी,’ एवढेच म्हणाले आणि चहा पिऊन गेले. शिवी दिली असती तर मला उत्तर देता आले असते.

तू कायदा शिकतेस, मी जन्मभर गणित शिकवले. तरी तू सांगितलेला निकाल मी शोधून वाचला. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, ऑनलाइन लिखाणाबद्दल शिक्षा सांगणारे कलम ६६ अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा करणे, मत मांडणे आणि चिथावणी देणे यांत भेद केला आणि तुझ्या लिहिण्यात चिथावणीचा एकही शब्द नाही, हे मला मान्य आहे. पण ते प्रकरण उभे राहिले कशावरून, तेही तुला ठाऊक आहे. २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. संविधानाचा एकोणिसावा अनुच्छेद सरकारचा हात धरतो. ओट्यावर येऊन बसणाऱ्यांचा हात कोण धरणार? अभ्यासिका किती वाजता बंद होते, ते तू अजून सांगितलेले नाहीस.

रागाच्या भरात लिहू नये, लिहिलेले एक रात्र तसेच ठेवावे, माणसाचे नाव न घेता कृतीबद्दल बोलावे आणि ज्याची कागदोपत्री खात्री नाही ते वाक्य खोडावे. हा पुन्हा वर्ग सुरू झाला. क्षमा कर.

फोनवर तू मला १९३८ साली, निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून काढून टाकलेली मुले ऐकवलीस. त्यांच्या गोष्टी तुझ्या आजोबांनी मलाही सांगितल्या होत्या, पण मला आठवते ते दुसरेच साल. १९७८ मध्ये मी परभणीला अकरावीत होतो. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि पुढच्या दिवसांत मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. मी गावी आलो तेव्हा पारावर माणसे जमली होती, आणि तुझ्या गौतमकाकांच्या घराबद्दल जे बोलले जात होते ते ऐकत मी खाली मान घालून बसलो. माझे मत मला ठाऊक होते. मला कोणी गप्प बस म्हटलेदेखील नव्हते. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला त्या संध्याकाळी मी गौतमला लांबलचक पत्र लिहिले. त्याने उत्तरात आजीच्या तब्येतीची चौकशी केली आणि पाऊस कसा झाला ते विचारले.

त्यामुळे, ‘काढून टाक ते’ असे मी रविवारी म्हणालो, तेव्हा कोणता माणूस बोलत होता, ते तूच ठरव. तुझ्या आईने तर दुसऱ्याच दिवशी मुद्दाम पलीकडच्या आळीतल्या दुकानातून साखर आणली, भर दुपारी, पिशवी सगळ्यांना दिसेल अशी धरून. मला सांगितलेही नाही.

तुझे लिखाण मी वहीत उतरवून घेतले आहे. दुसऱ्या परिच्छेदात ‘सामूहिक’ ऱ्हस्व पडले आहे आणि ‘निर्भीड’चेही तसेच झाले आहे, तेवढे दुरुस्त कर. बाकीचे राहू दे.

गुरुवारच्या गाडीने बाळूमामांबरोबर ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतो आहे. खोलीवर पोहोचलीस की रोज एक मिस्ड कॉल दे. बोलायचे नसले तरी चालेल.

तुझे,
बाबा