ओसीटीचा नुसता रंगीत नकाशा नको

महोदय,

मधुमेही रुग्णांना डोळ्याच्या पडद्याची ओसीटी (प्रकाशाने पडद्याच्या छेदांची चित्रे घेणारी तपासणी) आता सोलापुरातही सर्रास सांगितली जाते. बार्शी, अक्कलकोटहून एसटीने आलेला रुग्ण एक रंगीत कागद, म्हणजे पडद्याच्या जाडीचा नकाशा, घेऊन परततो. त्या कागदाविषयी थोडे.

यंत्र अवरक्त प्रकाशाने पडद्याचे ओळीने बारीक छेद घेते आणि ते जोडून त्रिमितीय चित्र बनवते. मध्यभागी पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड. त्यातली सूज काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) इतक्या बारकाईने मोजता येते. पण पडद्याच्या सीमारेषा संगणक आखतो, आणि घोटाळा तिथेच होतो. सूज फार असली की खालची रेषा कधी पाण्याच्या पोकळीतूनच ओढली जाते आणि जाडी कमी छापून येते. मधेच पापणी मिटली तर काळा पट्टा. मोतीबिंदू किंवा कोरड्या डोळ्यामुळे सिग्नल, म्हणजे परत येणारा प्रकाश, कमी पडतो. काही यंत्रांवर तो 10 पैकी मोजतात; 6 च्या खाली गेला तर कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून, पापण्यांची उघडझाप करायला लावून पुन्हा स्कॅन घ्यावा. काम दोन मिनिटांचे, पण रांग मोठी असली की टळते.

म्हणून नकाशासोबत मूळ छेदही छापून द्यावेत. शिवाय नेहमीचा स्कॅन मध्यभागाच्या साधारण 6 मिलिमीटरचाच असतो. पडद्याच्या कडेचे छिद्र त्यात येत नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करूनच पाहावे लागते. (या थेंबांनंतर इथल्या उन्हात स्वतः दुचाकी चालवू नये, हे सांगूनही लोक चालवतातच.)

– एक नेत्रतपासणी तंत्रज्ञ, सोलापूर