आजोबांच्या टाइपरायटरसाठी धावून आलेल्या दोघांचे आभार

मंगळवारी सोलापूरच्या एसटी स्टँडवर गर्दीत आजोबांचा टाइपरायटर माझ्या हातातून निसटला. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कारखान्यातला इम्पीरियल गुड कम्पॅनियन, पेटीत मावणारा. तळाशी रुंद बाणाची खूण आहे. ब्रिटिश सरकारी मालावर, लष्कराच्याही, ती असायची. आजोबा फौजेत कारकून होते, म्हणून ही खूण आम्हाला जिवापाड. पेटी उघडली तर कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, जागचं हलेना. मला रडूच आलं.

एका रिक्षावाल्या दादांनी मला कोर्टाजवळ टायपिंग करणाऱ्या काकांकडे नेलं. समोरच्या माणसाचा अर्ज पुरा करून काकांनी यंत्र मांडीवर घेतलं. कॅरेज ओढणारी दोरी तुटली होती. त्यांनी ओळखीच्या चादर कारखान्यातून मागावरचा मजबूत दोरा मागवला, स्प्रिंगला मोजून पीळ दिला, गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली. "जास्त ताणली तर तुटेल, ताई." बाणावरची धूळ कोरड्या फडक्यानं टिपली, रंग जाईल म्हणून तेल लागू दिलं नाही. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी आजोबांचं नाव टाइप करा."

ओळ संपत आली, घंटी वाजली. काका डोळे मिटून ऐकत होते.

काका, मनापासून आभार. आणि दादा, गडबडीत तुमचं भाडं द्यायचं राहिलं. स्टँडवर तुम्हाला शोधते आहे.