रबाळ्याचा माळा आणि आयटीआयचं कुलूप

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : शनिवार संध्याकाळ, ५ ते ९

महोदय,

सस्नेह नमस्कार.

तक्रारीची पत्रं आपल्याकडे रोज ढिगानं येत असतील. हे त्यातलं नाही. एका माणसाचं कौतुक करायचंय आणि जाता जाता एक मागणं घालायचंय. माणसाचं नाव लिहीत नाही. "कुठं नाव छापून आणलंस तर माळ्यावर पाय ठेवायचा नाही," अशी तंबी मिळालीय. आम्ही त्यांना काका म्हणतो. जुने कामगार अजून शेठ म्हणतात. दोन्ही हाकांना ते सारख्याच वैतागानं ओ देतात.

काका आयटीआयचे टर्नर. नवी मुंबईतल्या टीटीसी एमआयडीसीत, रबाळ्याला, त्यांनी तीसेक वर्षं शीटमेटलचं छोटं युनिट चालवलं. आता पुतण्या बघतो. युनिटच्या माळ्यावर जुन्या डाया, गंजलेली जिगं आणि चलनांच्या फायली सरकवून एक टेबल मांडलंय. दर शनिवारी पाच ते नऊ काका तिथं बसतात. ऐरोली, घणसोली, कळवा, दिवा, अगदी पनवेलहूनही धंदा सुरू केलेली किंवा करू पाहणारी मुलं-मुली येतात. फी नाही, कंपनीत टक्का मागणं नाही. चहा मात्र आलेल्यानं टपरीवरून किटलीत आणायचा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लॅपटॉपवर बावीस स्लाइडी होत्या. फळं पिकवायच्या चेंबरमधलं तापमान नोंदवणारं यंत्र मी केलं होतं, आणि मोबाइलवर त्याचा सुंदर ग्राफ दिसायचा. काकांनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. यंत्राची डबी उचलली, कमरेच्या उंचीवर धरली आणि सोडून दिली. झाकण तडकलं. मी नुसता बघत राहिलो. ते म्हणाले, "मार्केटात याहून वरून पडेल. मार्केट बघितलंयस का?"

नव्हतं बघितलं. वाशीत राहून एपीएमसीचं फळ मार्केट मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात पहाटे चारला काका स्कूटरवर मला घेऊन गेले. हापूसचा सीझन. माथाडी कामगार पेट्या उतरवत होते, थप्प्या लागत होत्या, आणि कुणालाही कुणाचा ग्राफ बघायला वेळ नव्हता. ओळखीच्या गाळेवाल्यानं त्याचं चेंबर उघडून दाखवलं. पिकवायच्या खोलीत हवेतला ओलावा मुद्दाम नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवतात, नाहीतर फळ सुरकुततं. हे मी वाचलं होतं. पण भिंतीवरून ओघळणारं पाणी बघितलं आणि कळलं, माझं उघडं सर्किट इथं पंधरा दिवससुद्धा टिकणार नाही. गाळेवाल्याला मी ग्राफ दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीन लांब धरली आणि विचारलं, "म्हणजे माल बरोबर आहे का नाही?"

आज माझ्या यंत्राला स्क्रीन नाही. एक हिरवा दिवा, एक लाल. सर्किटवर ओलावा अडवणारा थर आहे आणि डबी टेबलावरून पडली तरी फुटत नाही. विकलं जातं. ग्राफवर मी सहा महिने घालवले होते, त्याबद्दल काका आजवर एक शब्द बोललेले नाहीत. त्यांचा हा मोठेपणा मला सगळ्यात जास्त टोचतो.

पण त्यांची खरी कामगिरी मला वेगळीच वाटते. ते लोकांना थांबवतात.

दिव्याहून येणारी एक ताई घरून पुरणपोळ्या करून विकते. एका एजंटानं तिला सांगितलं, प्रायव्हेट लिमिटेड काढा, स्टार्टअपची मान्यता मिळते, मग अनुदान. मान्यतेचं त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. केंद्राच्या स्टार्टअप मान्यतेला कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखी नोंदलेली संस्था लागते. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ती मिळत नाही. पुढचं मात्र त्यानं सांगितलं नाही. काकांनी चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. ऑडिट सक्तीचं. सीएची फी. आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकाकडे, दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरायचं. उशीर झाला तर एकेका फॉर्मला दिवसाला १०० रुपये. ताईची गिऱ्हाइकं किती? आठवड्याला चाळीस घरं. "आधी दोनशे घरं कर. मग कंपनी काढू, पेढे मी देईन." ताईनं मालकीचाच धंदा ठेवला, लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली. आता हाताखाली दोघीजणी आहेत. सरकारच्या स्टार्टअपच्या आकड्यात ती कुठंच नाही, आणि तिचे वाचलेले पैसे तर कुठल्याच आकड्यात धरले जात नाहीत.

एका मुलाला त्यांनी सरळ नोकरी कर म्हणून सांगितलं. तो रुसून गेला. वर्षभरानं स्वतःच किटली घेऊन आला.

माझ्यावर थकबाकीची वेळ आली तेव्हाही माळाच कामी आला. एका मोठ्या कंपनीनं माझं बिल सात महिने अडकवलं होतं. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांत द्यायचे. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. हे वाचून मी छाती फुगवून माळ्यावर गेलो. काकांनी एकच विचारलं, "उद्यम नोंदणी कधीची?" माल पोचवल्यानंतरची, म्हणजे त्या बिलापुरता कायद्याचा आधार डळमळीत. ते काही बोलले नाहीत, माझ्या कपात चहा ओतला. मग माझ्याकडूनच त्या कंपनीच्या अकाउंट्सला फोन करवले, दर सोमवारी, अकराच्या ठोक्याला, आवाज न चढवता. पैसे तीन हप्त्यांत आले. आता बिलावर माझ्या नावाच्या खालीच उद्यम क्रमांक छापलेला असतो. आयकर कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला बदलही त्यांनीच समजावला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्यालाच त्या खर्चाची वजावट मिळत नाही. "आता मार्चमधे तेच तुला फोन करतील," काका म्हणाले. केलेही.

महोदय, आपल्या विभागाच्या योजनांना मी नावं ठेवत नाही. राज्याचं स्टार्टअप धोरण २०१८ मधे आलं, २०२५ मधे नवं आलं. स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारी कामाचा कार्यादेश मिळतो, म्हणजे सरकार स्वतः पहिलं गिऱ्हाईक होतं. याहून चांगली मदत मला सुचत नाही. मी दोनदा अर्ज केला, दोनदा राहिलो. पहिल्यांदा निवडलेले माझ्याहून सरस होते. दुसऱ्यांदाचं माझं मत मी माझ्याकडे ठेवतो.

पण मार्गदर्शनाचा कार्यक्रम म्हटला की हॉटेलचा हॉल, गळ्यात पट्टी आणि माणशी पंधरा मिनिटं. अशा एका कार्यक्रमाला काका गेले होते. एका मुलीचा कॉस्टिंगचा तक्ता तपासताना मधेच घंटा वाजली, पुढचा मुलगा खुर्चीत बसला. काकांनी त्या मुलीला शनिवारी माळ्यावर बोलावलं. तक्त्यात वीजबिल धरायचं राहिलं होतं. ते सापडायला दोन शनिवार गेले.

आता मागणं. माळ्यावर खुर्च्या अकरा. बाकीचे लोखंडी जिन्यावर बसतात. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काही ऐकू येत नाही, काका पाटीवर लिहून बोलतात. त्यातून पुतण्याला माळा मालासाठी हवाय, आणि त्याचंही बरोबर आहे, तो धंदाच करतोय. एमआयडीसीची एखादी जागा मागावी असं माझ्या मनात होतं. "ते खातं यांचं नाही, पत्र फिरत बसेल," काका म्हणाले.

आयटीआय मात्र आपल्याच खात्याच्या. तिथं लेथ आहेत, वेल्डिंगचे बूथ आहेत, वर्कबेंच आहेत, आणि शनिवारी संध्याकाळी दाराला कुलूप आहे. ठाणे किंवा नवी मुंबईतल्या एका आयटीआयचं एक वर्कशॉप शनिवारी पाच ते नऊ उघडं ठेवा. मशीनला हात लावायचा तर तिथले शिकवणारे निदेशक हजर हवेत, त्यांना त्या चार तासांचं मानधन द्या. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही बसू द्या. जॉब सुबक काढणं त्यांना शिकवलंय. त्याचं कोटेशन किती द्यायचं, ते काका शिकवतील. काकांना मानधन नको. शाल-श्रीफळ तर नकोच, घरात तीन शाली पडून आहेत आणि नवी मुंबईच्या उकाड्यात त्या कुणी पांघरत नाही.

चावी कुणाच्या ताब्यात राहणार, यावर फाइल अडेल असा माझा अंदाज आहे. काकांना विचारलं. ते म्हणाले, वॉचमनकडे राहू दे, चहा त्यालाही देऊ.

आपला,
रबाळ्यातला एक लघुउद्योजक