पेन्सिलीने लिहिलेले आकडे

काका, सप्रेम नमस्कार.

माझी डोंगरात चालवायची सायकल नीट करून दिलीत म्हणून असं जाहीर पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. त्या दिवशी मी तिसऱ्यांदा ‘थँक्यू’ म्हटलं तेव्हा तुम्ही हातातलं फडकं झटकून म्हणाला होतात, “बास झालं, आता सायकल चालवा.” चालवली. सहा आठवडे चालवली. परवा झाडांच्या मुळांनी भरलेल्या त्या उतारावरून, जिथे दोन वर्षं मी सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत नेत होते, पाय न टेकता खाली आले आणि खाली एका दगडावर बसून चक्क रडले. तेव्हा आता ऐकून घ्याच.

माझं वजन ५१ किलो आहे. एवढं साधं वाक्य मला दोन वर्षांत एकाही दुकानात बोलावं लागलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. पहिल्या ठिकाणी मी म्हटलं, फोर्क (पुढचं चाक धरणारे, दबून धक्के झेलणारे दोन दांडे) दगडासारखा लागतो, मनगटं दुखतात. उत्तर मिळालं, नवीन आहे, हळूहळू मोकळा होईल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, तुम्ही घाबरून हात ताठ धरत असाल. (धरत होतेच. समोरचं चाक प्रत्येक दगडावरून उडत असेल तर कोण सैल धरेल?) तिसऱ्या ठिकाणी तर फोर्कच्या आत, हवेची जागा कमी करणारे, प्लॅस्टिकचे दोन टोकन बसवून दिले, म्हणजे मोठ्या उडीत तो तळाला आपटणार नाही! ज्या फोर्कचा तळ मी जन्मात पाहिला नव्हता, त्याला तळाशी आपटण्यापासून वाचवण्यात आलं. वर डाउनहिलसाठी, म्हणजे उतारावरच्या शर्यतींसाठी, असतात तसे जाड भिंतीचे टायर गळ्यात मारले, एकेक सव्वा किलोच्या घरातला. आत ट्यूब आणि हवेचा दाब ३० पीएसआय. “पंक्चरची काळजीच नको.” खरं होतं ते. पंक्चर एकदाही झालं नाही. त्या टायरना दगड लागला तरी पत्ता लागत नसे, सगळा पत्ता माझ्या खांद्यांना लागायचा.

मला राग सायकलचा नव्हताच. राग यायचा तो घरी परतताना, कारण तोवर मला पटलेलं असायचं की दोष माझ्यातच आहे. बाकीचे त्याच वाटेने हसत उतरतात, मला जमत नाही, म्हणजे माझ्यात दम नाही. मग दम नसलेला माणूस जे करतो तेच मी केलं. पैसे साठवले आणि १६० मिलिमीटर दबणारा, माझ्यापेक्षा मोठा फोर्क घ्यायचं ठरवून तुमच्या दारात आले.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. होही म्हणाला नाहीत. “हेल्मेट कुठंय? पाठीवरची बॅग? पाण्याची बाटली भरा. गुडघ्यांचे पॅड पण घाला.” मला वाटलं, आता हे माझी परीक्षा घेणार. तुम्ही कोपऱ्यातला वजनकाटा पायाने पुढे सरकवलात आणि म्हणालात, “सगळ्यासकट उभ्या राहा.” काटा ५५वर थांबला. तुम्ही काट्याकडे बघितलंत, माझ्याकडे नाही. एवढी साधी गोष्ट, पण बायकांना विचारा, वजन बघताना चेहऱ्याकडे न बघणारी माणसं किती भेटतात ते.

मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून तुम्ही हँडल घट्ट पकडलंत आणि मला पेडलवर उभं केलंत. फोर्कच्या नळीवरची ती इवलीशी रबरी कडी मी दोन वर्षं पाहत होते. मला वाटायचं ती धूळ अडवण्यासाठी आहे! तुम्ही ती खाली सारलीत, मी अलगद उतरले, तुम्ही पट्टी लावलीत. “१४० मिलिमीटरपैकी १५ दबला.” आणि मागच्या शॉकला, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळीला, ५५पैकी ९. तुम्ही सांगितलंत की सायकलवर नुसतं उभं राहिलं तरी पुढचा फोर्क साधारण २० टक्के आणि मागचा शॉक ३० टक्क्यांच्या आसपास दबायला हवा. त्याला सॅग म्हणतात. हे दबणं असतं म्हणून खड्डा आला की चाक खाली जाऊन जमीन धरू शकतं. फोर्क फक्त वर दबण्यासाठी नसतो, खाली पोचण्यासाठीही असतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. माझं चाक खाली पोचतच नव्हतं. मी सस्पेन्शनची सायकल सस्पेन्शनशिवाय चालवत होते.

“ताई, फोर्क वाईट नाहीये. ८५ पीएसआय हवा आहे यात. ही हवा नव्वद किलोच्या माणसाची आहे.”

काका, या एका वाक्यासाठी मी तुमची किती ऋणी आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दोन वर्षं मी एका नव्वद किलोच्या अनोळखी माणसाची सायकल चालवत होते आणि स्वतःला भित्री समजत होते.

पुढचं सगळं पटापट झालं, तपशील मला नीट आठवतही नाही. टोकन निघाले, हवा ५० झाली, मागे १८०ची १२०. मग हवा कमी केल्यावर फोर्क इतका सावकाश परत यायला लागला की मी घाबरले. तुम्ही तळाचा लाल नॉब माझ्या हातात दिलात. हवा कमी झाली की रिबाउंडही, म्हणजे फोर्कचा परत येण्याचा वेगही, उघडावा लागतो, नाहीतर एका मुळावरून दबलेला फोर्क वर यायच्या आत दुसरं मूळ येतं आणि तो दबत दबत बसूनच जातो. मी एकेक क्लिक फिरवत गेले, दर वेळी एका पायरीवरून उतरून बघत गेले. सातव्या क्लिकला तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त भुवया वर केल्यात. मला तोवर स्वतःलाच कळलं होतं.

आता जरा त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, कारण ती नाही लिहिली तर पोटात दुखेल. फोर्कचे खालचे पाय तुम्ही उघडलेत तेव्हा आतल्या फोमच्या कड्या ठणठणीत कोरड्या होत्या, आणि तेल म्हणून जे काही बाहेर आलं ते चमचाभर काळं पाणी. ही सर्व्हिस बरेच फोर्क बनवणारे ५० तासांच्या चालवण्यानंतर सांगतात. माझ्याकडे दोन पावत्या आहेत, दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, दोन्हींवर ‘फोर्क सर्व्हिस’ लिहिलंय आणि बरोबरची खूण आहे. मी त्या पावत्या तुम्हाला दाखवल्या. मला वाटलं तुम्ही चार शिव्या घालाल, मलाही बरं वाटेल. तुम्ही त्या घडी करून परत दिल्यात आणि म्हणालात, “बाहेरून पुसला असेल.” बास. इतकंच. मी मात्र इतकी मोठ्या मनाची नाही. ज्यांनी बाहेरून पुसला त्यांनी हे वाचावं आणि त्यांना निदान एक दिवस जेवण गोड लागू नये.

१६०च्या फोर्कचं तुम्ही शेवटी सांगितलंत, तेही मी विचारलं म्हणून. फ्रेम १४०साठी बांधलेली आहे. वीस मिलिमीटर उंच फोर्क लावला की हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) जवळजवळ एका अंशाने झुकतो, पेडलची जागा वर जाते, चढावर पुढचं चाक भरकटतं. आणि मुख्य म्हणजे, “आहेत ते १४० तरी तुम्ही कुठे वापरलेत?” खरंच. कडीची खूण ९५च्या वर कधी गेलीच नव्हती. म्हणजे माझ्या हातात पैसे होते, तोंडात मागणी होती, आणि तुम्ही नवा फोर्क विकला नाहीत. विकला असतात तरी मी तुम्हाला दुवाच दिला असता. मला काय कळत होतं?

पैसे खर्च झाले ते टायरवर. ते तुम्ही आग्रहाने बदलायला लावलेत. पुढे मऊ रबराचा, मोठ्या, विरळ रबरी गुठळ्यांचा २.४ इंची, मागे जरा कडक आणि सरळ पळणारा, दोन्ही ट्यूबलेस, वजन आधीच्यापेक्षा तीनेकशे ग्रॅमने कमी. मी विचारलं, दोन्ही सारखे का नकोत? “मागचं चाक घसरलं तर काळजाचा ठोका चुकतो. पुढचं घसरलं तर ठोका मोजायलाही वेळ मिळत नाही.” हवा पुढे १९, मागे २१. पहिल्या दिवशी बोटाने दाबून बघितलं तर मला वाटलं हवा गेलीय. जाड भिंतीचा टायर हलक्या माणसाखाली वाकतच नाही, आणि वाकला नाही तर तो दगडाला मिठी कशी मारणार, हे आता कुणालाही सांगत सुटते मी. मैत्रिणी कंटाळल्यात.

ब्रेकसाठी मोठ्या २०३ मिलिमीटरच्या डिस्क सुचवणारेही होते. तुम्ही १८०च ठेवल्यात आणि एका छोट्या ॲलन कीने लिव्हर हँडलच्या जवळ आणलेत. माझी बोटं आखूड आहेत. मी दोन बोटांच्या टोकांनी कसाबसा ब्रेक ओढत होते, आता एका बोटाच्या मधल्या पेऱ्याने धरते. याला सुटा भाग लागला नाही, पैसे लागले नाहीत, अर्धं मिनिट लागलं. दोन वर्षांत माझ्या हाताकडे कोणी बघितलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

पण पत्र लिहायला बसले ते यातल्या कशामुळेच नाही. ते त्या टेपच्या तुकड्यामुळे.

मी निघाले होते. हेल्मेटचा पट्टा लावत होते. तुम्ही म्हणालात “थांबा”, आणि फ्रेमच्या वरच्या नळीच्या पोटाला, जिथे बाहेरून दिसत नाही तिथे, पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा चिकटवलात. कानामागची पेन्सिल काढलीत. पुढे ५०, मागे १२०, क्लिक ७, टायर १९ आणि २१. मग मध्ये एक उभी रेघ ओढलीत, डावीकडे वर लिहिलंत ‘आजचे’, उजवीकडे वर लिहिलंत ‘तुमचे’. उजवा रकाना कोरा. मी म्हटलं, पेनने लिहा ना, पुसलं जाईल. तुम्ही म्हणालात, “पुसायलाच पेन्सिल.” आणि ती पेन्सिल, बोटभर उरलेली, तुम्ही माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात खोचून दिलीत.

हे मला तेव्हा नीट कळलं नाही. घरी येऊन सायकल उलटी केली तेव्हा कळलं. आजवर ज्याने ज्याने माझ्या सायकलला हात लावला त्याने निकाल दिला होता. हे असंच असतं, हे असंच ठेवायचं, तुम्हाला नाही कळणार. तुम्ही पहिले, ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं, आणि तुम्हीच लिहिलंत की हे फक्त आजचं आहे. पुढचं मला कळेल असं तुम्ही गृहीत धरलंत. मला एवढं मोठं कोणी केलं नव्हतं हो.

कसब असलेली माणसं पुष्कळ भेटतात. कसब असून समोरच्याला लहान न करणारी फार थोडी. आणि “हे मला येत नाही” म्हणणारी तर त्याहून थोडी. मागच्या शॉकचा रिबाउंड पूर्ण उघडूनही तो केसभर सावकाशच येत होता. तुम्ही सरळ सांगितलंत की आतल्या पातळ चकत्या हलक्या वजनासाठी बदलाव्या लागतील, ते काम माझं नाही, ते करणाऱ्याकडे पाठवा, आणि तोवर चालवायला हरकत नाही. दुसऱ्या कोणी तेही दोन तास उघडून, पुसून, बिल लावून दिलं असतं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावरून जुन्या जाड सायकली सोडणारी मंडळी दर उतारानंतर मागच्या चाकाचा हब (मधला भाग) उघडून त्यात नवं ग्रीस भरत, कारण त्यातला ब्रेक तापून आधीचं जळून जायचं. त्या उताराचं नावच मग ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, पडलं. हाताला काळं लागल्याशिवाय हा खेळ सुरूच झाला नव्हता. तुम्ही त्याच कुळातले वाटता मला. आणि आता थोडी मीही आहे, कारण काल टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्राव, मी स्वतः भरलं. निम्मं फरशीवर सांडलं, पण भरलं.

तर काका, हिशेब. फोर्क ४७. दोनदा वाढवून बघितला, दोनदा परत ४७वर आले. क्लिक ८. कडीची खूण त्या मुळांच्या उतारानंतर १२८वर होती, मी पट्टी लावून मोजली. पुढचा टायर १८. मागे १९ करून बघितलं तर दगडावर रिम टेकल्याचा आवाज आला, म्हणून गुपचूप २१ केलं, म्हणजे तिथे तुमचंच बरोबर निघालं. मागचा शॉक त्या कामासाठी गेलाय, म्हणून तो आकडा अजून लिहिलेला नाही.

टेपचा एक कोपरा सुटायला लागलाय. नवा तुकडा लावायला येईन, पेन्सिल माझी मी आणीन.

तुमची,
५५ किलो, सगळ्यासकट