शिवारफेरीसाठी मदत पाहिजे, पण वांगी फुकट नकोत

रामराम मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या गावचं वाचनालय, महिला बचत गट आणि शेतकरी गट असे सगळे मिळून संक्रांत झाल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी-रविवारी शिवारफेरी ठेवतोय. गाव यावल तालुक्यातलं, खाली तापी, वर सातपुडा आणि मधे केळीच केळी. शनिवारी जळगाव-भुसावळच्या शाळांची पोरं आणि आमच्या गावातली पोरं एकत्र, रविवारी कुणीही या, सहकुटुंब या. सकाळी शेतं बघायची, दुपारी बांधावर जेवायचं, जेवणात तिथलंच भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि जाताना जे आवडलं ते शेतकऱ्याच्या हातूनच विकत घेऊन जायचं. यासाठी पैसे पाहिजेत, माणसं पाहिजेत, भांडी पाहिजेत, गाड्या पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल गावात वांगी आहेत, केळी आहेत, ज्वारी आहे, मग पैसे कशाला लागतात. पहिल्या मीटिंगला हाच प्रश्न निघाला होता. कुणीतरी म्हटलं प्रत्येकाने एकेक कॅरेट वांगी द्यावी, पायलीभर ज्वारी द्यावी, काम होऊन जाईल, आणि निम्म्या लोकांनी मान पण हलवली. तेव्हा बचत गटाच्या एका आक्कांनी विचारलं की शेतकऱ्याच्या मालाला किंमत असते हे पोरांना शिकवायला निघालात आणि सुरुवातच त्याच्याकडून फुकट मागून करताय का. सगळे गप्प. मग तिथंच ठरलं की या कार्यक्रमातली एकही जुडी, एकही वांगं, एकही केळं फुकट घ्यायचं नाही, त्या दिवशीच्या किरकोळ भावाने रोख पैसे देऊन घ्यायचं. आणि भाकऱ्या थापणाऱ्या, भरीत करणाऱ्या बायकांना शेतात जो रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळतो तो द्यायचा, सेवा म्हणून राबवायचं नाही. म्हणून खर्च वाढला, आणि म्हणूनच हे आवाहन.

गावातली पोरं पण यात मुद्दाम घेतलीयेत. आमच्याकडची निम्मी पोरं सकाळीच पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश मीडियमला जातात, बापाची चार एकर केळी असते पण मृगबाग (पावसाच्या सुरुवातीला लावलेली) कोणती आणि कांदेबाग (ऑक्टोबरच्या आसपास लावलेली) कोणती विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. पोरांना काय बोलणार, घरात आपणच म्हणतो ना की शीक बाबा नाहीतर शेती करावी लागेल. म्हणजे शेती ही नापास होणाऱ्याला द्यायची शिक्षा झाली. आणि मग आपणच गाऱ्हाणं करतो की शेतकऱ्याला मान नाही, पोराला मुलगी मिळत नाही.

शनिवारची सुरुवात केळीच्या बागेतून. केळीचं झाड झाड म्हणतो पण ते झाड नाहीच, त्यात लाकूडच नसतं, पानांचे देठ एकमेकाला गुंडाळून उभं राहिलेलं ते खोड, आडवं कापून दाखवलं की कांद्यासारखे थर दिसतात. एका खोडाला एकदाच घड येतो, घड कापला की त्याचं काम संपलं, मग शेजारी आलेल्या पिलावर पुढची बाग धरायची. लावल्यापासून घड हातात यायला साधारण वर्ष जातं आणि त्या वर्षात काय काय होऊ शकतं हे शेतकऱ्यानेच उभं राहून सांगायचं असं ठरलंय. भुसावळकडचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, पानं करपतात, नवीन रोपाला बारदानाची नाहीतर तागाची सावली करावी लागते. थंडीत चरका बसला की वाढ थांबते. मृगाच्या तोंडावर वादळ आलं तर दहा महिने सांभाळलेली बाग एका रात्रीत आडवी, सकाळी जाऊन बघायची हिंमत होत नाही. आणि वरून सीएमव्ही, मावा किडीमुळे पसरणारा व्हायरस, एकदा झाडाला लागला की त्याला औषध नाही, झाड उपटून गाडायचं नाहीतर जाळायचं, नवीन लागवड असेल तर हप्त्या-हप्त्याला बागेत फिरून पिवळे पट्टे पडलेलं पान शोधत बसायचं. हे ऐकल्यावर पोरगं केळं अर्धं खाऊन फेकणार नाही असं मी म्हणत नाही, पोरं ती पोरंच, पण एकदा विचार तरी करेल.

मग फळ्यावर हिशोब. शेतकऱ्याला भाव क्विंटलने मिळतो, गिऱ्हाईक पैसे डझनाने मोजतं, आणि मधलं गणित दोघांनाही लागत नाही. रोज सकाळी मोबाईलवर आकडा येतो, रावेरचा काय, बऱ्हाणपूरचा काय, आणि त्यावर बागेतली कापणी ठरते. आम्ही त्याच दिवशीचा खरा भाव लिहिणार, खाली कापणीची मजुरी, भराई, गाडीभाडं, पिकवणीचं चेंबर, किरकोळवाल्याकडं काळी पडून जाणारी केळी, त्याचा नफा, सगळं एकाखाली एक. एक केळीवाले व्यापारी स्वतः यायला तयार झालेत, त्यांची बाजू पण ऐका, शिव्या द्यायला लोक जमवायचे नाहीत आम्हाला.

आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, भरिताच्या वांग्याला मिळालं, तिकडं नवापूरच्या तूरडाळीला मिळालं. २०२१ ला रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन जीआयवाली केळी दुबईला गेली. चांगलीच गोष्ट आहे, अभिमान आहेच. पण दुबईवाल्याला आपल्या केळीचं गाव माहीत आणि जळगावात रिंग रोडला राहणाऱ्या भाऊला माहीत नाही, हे काही बरोबर वाटत नाही.

आता दादरबद्दल, कारण माझ्या मते शिवारफेरीतलं सगळ्यात महत्त्वाचं शेत तेच, जरी फोटो काढायला सगळे केळीतच थांबणार. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. पावसाळा सरला की काळ्या जमिनीत जी ओल राहते तिच्यावर पेरायची, नंतर पाणी द्यायचं नाही, थंडीवर वाढते, फेरीच्या दिवसात हुरड्यावर आलेली असेल. भाकरीला चव, कडब्याला जनावरं तुटून पडतात. आणि तरी आमच्या शिवारात दादरीचं क्षेत्र कमी कमी होत चाललंय. कापणी हाताने, मजूर मिळत नाही, पाखरं सकाळी आणि रानडुकरं रात्री आपापला वाटा घेऊन जातात, आणि एवढं करून बाजारात नेली की भाव मक्याच्या आसपास बोलतात, मग माणूस मकाच लावेल ना, मूर्ख आहे का तो. २०२३ ला मिलेट वर्ष होतं, बॅनर लागले, भाषणं झाली, ज्वारीचा केक पण कापला कुणीतरी, पण पुढच्या रब्बीत दादर पेरताना कुणी विचारायला आलं नाही की नाना, तुमची दोन क्विंटल मी घेतो.

तेच आम्हाला करायचंय. शेताच्या बांधावर एक रजिस्टर ठेवणार. ज्याला दादर आवडेल त्याने नाव लिहायचं आणि पुढच्या हंगामाची किती किलो घेणार ते लिहायचं, २० किलो असो, ५० असो, भाव दोघांनी बसून बोलायचा. भादव्यात पेरणीच्या आधी शेतकरी गट ते रजिस्टर घेऊन बसेल आणि जेवढी मागणी तेवढी दादर ठरवून पेरली जाईल. यात तुमचा आज एक रुपया जात नाही. देणगी नाही जमली तरी चालेल पण रजिस्टरमध्ये नाव लिहिलं तर मग घ्याच, नुसतं फोटोपुरतं लिहू नका जिभाऊ, माणूस त्या नावाच्या भरोशावर रान अडकवणार आहे.

जेवणाचं सांगतो. भरिताची वांगी आपली ती हिरवी-पांढरट, मोठी, बी कमी असलेली, बामणोदचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. चंपाषष्ठीपासून घरोघर सुरू होतं ते भरीत आणि शहरातल्या नव्या पोरांना वाटतं ते पार्सलच्या डब्यात उगवतं. वांगी तुराट्यांच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, गॅसवर भाजलेल्याला तो धुराचा वास येतच नाही, कितीही सांगा. साल काढायची, बडजीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, हिरवी मिरची आणि लसूण आधी ठेचायचा, मग गरम वांगी टाकून लाकडी दांड्याने ठेचत राहायचं, मिक्सर लावला की लगदा होतो. मग तेलावर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि त्यात ते ठेचलेलं वांगं. दांडा पोरांच्या हातात देणार आहोत, पाच मिनिटात खांदे दुखले की कळेल. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ, ती चुलीवरच. शेवभाजी ठेवलेली नाही, त्यावरून एक-दोन जण रुसलेत. शेवभाजीशी माझं काही वाकडं नाही, हायवेला ढाब्यावर मी पण खातो, पण पुण्या-मुंबईला खान्देशी जेवण म्हटलं की लाल तर्रीचं ताट एवढंच लोकांना दिसतं आणि कळणं, घुटं, डुबुकवडे, पातोड्या, बिबडे याचं नाव पण कुणी काढत नाही.

एका गोष्टीवर मीटिंगमध्ये बरीच वादावादी झाली. फवारणी दाखवायची की नाही. काही जणांचं म्हणणं की पाहुणे आलेत तर चांगलं चांगलं दाखवा, औषधाचा पंप लपवा. शेवटी ठरलं की दाखवायचं, पंप पण, मास्क पण, फवारल्यानंतर किती दिवस माल तोडायचा नाही ते पण, आणि वांग्याला शेंडेअळी लागली की शेतकऱ्याची झोप कशी उडते ते पण. डाग नसलेलं चकचकीत वांगंच पाहिजे म्हणून गिऱ्हाईक चारदा निवडतं, मग फवारणी वाढते, हे तोंडावर सांगायला पाहिजे कुणीतरी. कीड पडलेलं वांगं पण तिथं टोपलीत ठेवणार आहोत.

आता मदत काय पाहिजे ते. दोन्ही दिवसांचा सगळा खर्च, म्हणजे मालाची खरेदी, बायकांचा रोज, गाड्यांचं डिझेल, मांडव आणि पिण्याचं पाणी धरून साधारण ७० हजारापर्यंत जातोय. एका पोराचं जेवण तुमच्या नावावर घ्यायचं तर १०० रुपये, त्याहून कमी दिले तरी पावती मिळणारच. दुकानदार मंडळींनी तेल, शेंगदाणे, मीठ, गूळ दिला तर पैशाइतकाच उपयोग आहे, तिथं फुकट चालेल, दुकानदाराने हसून घ्यावं. शाळेची किंवा ट्रॅव्हल्सची गाडी कुणी डिझेलवर देत असेल तर लवकर सांगा, ट्रॉलीत पोरं बसवून आणणार नाही, त्यावर वाद नको. मोठ्या बडज्या पाहिजेत, घरात माळ्यावर पडलेल्या असतील तर काढा, नाव टाकून परत देऊ. मांडे करायचं खापर आणि मुख्य म्हणजे हातावर मांडा फिरवता येणाऱ्या माई किंवा आजी असतील तर त्यांना घ्यायला गाडी पाठवू, रविवारी त्यांचं मांड्याचं काम लोकांना बघू द्या, एवढ्या पातळ पोळीला लाटणं लागत नाही हे खरं वाटत नाही पोरांना. पेंटर असेल कुणी तर पिकांच्या नावाच्या पाट्या रंगवायच्यात, फ्लेक्स नको. आणि कॉलेजची पोरंपोरी, प्रत्येक वीस मुलांमागे एक जण असं धरलं तर बरीच लागतील, शेतात साप-विंचू, उघडी विहीर, करंट असलेलं कुंपण, लक्ष ठेवायला माणूस लागतोच.

पुण्या-मुंबईला, सुरतला असलेल्या गावकऱ्यांना वेगळं सांगतो. तुम्ही यात्रेला, आखाजीला, कानबाईला येता, मंदिराच्या कामाला हात सैल सोडता, त्यात वाईट काही नाही. यावेळी थोडं इकडं पण बघा. आणि पैशापेक्षा तुमच्या सोसायटीत दादरीची आणि नवापूरच्या डाळीची ऑर्डर जमवता आली तर ती जमवा, रजिस्टरमध्ये सोसायटीच्या नावाने लिहून घेऊ.

पैसे रोख किंवा चेकने, गावच्या वाचनालयात संध्याकाळी, पावती घेऊनच द्या. आम्ही क्यूआर कोड काढलेला नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आमच्या नावाने कोड फिरताना दिसला तर तो आमचा नाही, पैसे टाकू नका. कार्यक्रम झाल्यावर कुणाकडून किती किलो काय घेतलं, काय भावाने घेतलं, हा हिशोब वाचनालयाच्या भिंतीवर लावणार, ज्याला शंका असेल त्याने येऊन वाचावा. पैसे उरले तर उन्हाळ्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, कार्यक्रम घ्यायचाय, ज्वारी भिजवण्यापासून ते गच्चीवर धोतरावर थापेपर्यंत, आणि बिबड्यांसाठी शिजवलेला गरम घाटा तेल टाकून खायला मिळेल, ज्यांना आठवत असेल त्यांच्या तोंडाला आत्ताच पाणी सुटलं असेल.

येताना टोपी, पाण्याची बाटली, बंद बूट आणि एक कापडी पिशवी आणा, बागेत पिलं ओढू नका, शेंगा तोडू नका, पाहिजे असेल तर मागा, वजन करून मिळेल. शाळांनी कोणत्या वर्गाची किती पोरं येणार ते आठ दिवस आधी पक्कं कळवा, म्हणजे कळण्याचं दळण त्या हिशोबाने टाकता येईल.