वायरमन अजून लागतोय, बाबा

आई-बाबा, सा. न. वि. वि.

फोन केला की बाबा "हं, घे आईशी बोल" म्हणतात म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

आई सांगत होती, फिजिओवाला येतो पण बाबा हात उचलत नाहीत, म्हणतात उजवा हात गेला तिथं वायरमन संपला, आता कुणासाठी करायचं. बाबा, पॉझिटिव्ह राहा वगैरे मी सांगणार नाही, ते ऐकून पेशंट किती वैतागतात ते रोज बघते.

माझंच सांगते. 22 मार्च 2020 ला पाच वाजता सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण पुढच्या ड्युटीपर्यंत काही टिकलं नाही. सप्टेंबरात पुण्यात बेड मिळेना अशी गत, आणि मी नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवलेला (आई, ओरडू नको आता). तेवढ्यात घरी गेलेल्या एका आजोबांचा फोन. पीपीई किटात आमची तोंडं कुठं दिसायची, छातीवर मार्करनं नाव लिहायचो त्यावरून त्यांनी शोधलं. म्हणाले, ऑक्सिजनवर असताना रात्री मुलीला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल धरून उभी राहिलीस ती तूच ना? मला आठवतही नव्हतं! पण अर्ज फाडला आणि नाइटला गेले.

म्हणून तुम्हालाही मोघम थँक्यू नाही. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, डीप्या (गल्लोगल्ली वीज वाटणारे ट्रान्सफॉर्मर) पाण्यात, सगळीकडं अंधार. पाणी उतरल्यावर लोक लाइट सोडा म्हणून अंगावर यायचे आणि तुम्ही म्हणायचात भिंती ओल्या आहेत, मीटर बघितल्याशिवाय सोडणार नाही. शिव्या खाल्ल्या पण घर न् घर बघितलंत, आधी पाण्याची मोटार चालू केलीत, मग बाकीचं. आपल्या गल्लीत कुणाला शॉक लागला नाही तो तुमच्यामुळं. आणि आई, रात्री-अपरात्री घरचा फोन उचलून "कुठली डीपी, एक फेज गेलीय का सगळ्याच" हे तूच विचारून घ्यायचीस, निम्मी वायरमन तूच होतीस.

आता मुद्द्याचं. मागं गावी आले तेव्हा सेक्शनमधला तो नवा पोरगा स्टँडवर भेटला. मध्यंतरी परमिट, म्हणजे लाइन बंद केल्याची लेखी परवानगी, घेऊन पोलवर चढला होता, लाइन बंद, तरी कुणाच्यातरी जनरेटरचा करंट उलटा लाइनीत आला. आधी अर्थिंग टाकलं होतं, म्हणजे तारा जमिनीला जोडल्या होत्या, म्हणून वाचला. म्हणाला, काकांनी एकदा सगळ्यांदेखत झापलं होतं अर्थिंगवरनं, म्हणून सवय लागली, त्यांना सांगायचंय पण आजारी माणसाकडं कसं जायचं. मी म्हटलं बिनधास्त जा.

तर रविवारी तो दोन हेल्परना घेऊन येतोय, त्यांना तुमच्याकडनं शिकायचंय. तोंडानं सांगा, डीपीचं चित्र डाव्या हातानं काढा, वाकडं आलं तर येऊ दे. पण पोरं अकराला येणार, फिजिओ त्याच्या आधी उरकून घ्या. आणि आई, बाबांच्या चहात साखर नको, पोरांच्या निमित्तानं ते मागतीलच.

तुमची,
बबी