‘आज काय दिसलं?’

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आवाज तुटतो, मग आपण नुसतेच ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सामान आणणारी गाडी उद्या परत जाईल, तिच्याबरोबर पत्र देईन.

आई, तुझा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आज काय दिसलं?’ मी ‘काही नाही’ म्हटलं की तुला वाटतं, ही काहीतरी लपवते आहे. अगं, इथे जंगलात बहुतेक दिवस खरंच एकही जनावर दिसत नाही. दिसतात त्या खुणा. ओल्या मातीतला ठसा, बुंध्यावरचे नखांचे ओरखडे, वाटेच्या मधोमध मुद्दाम टाकलेली विष्ठा. तुला किळस येईल, पण विष्ठा सापडली की आमची चंगळ! धुऊन चाळली की न पचलेले केस हाती लागतात. केसावरच्या खवल्यांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की पोटात कोण गेलं होतं ते समजतं. विष्ठा ताजी असेल तर डीएनएवरून खाणारा कोण, तेही. बाबा, ‘एवढं शिकून तू तिथे नेमकं करतेस काय’ असं विचारलं होतंत ना? सध्या हेच करते.

बाकीचा वेळ कॅमेरा ट्रॅपमागे जातो. झाडाला बांधलेला कॅमेरा. समोरून ऊब असलेलं काही हललं की आपोआप फोटो काढतो. एका जागी दोन लावायचे, वाटेच्या दोन्ही अंगांना, कारण वाघ-बिबट्यांच्या अंगावरचे पट्टे किंवा ठिपके डाव्या कुशीवर वेगळे आणि उजव्या कुशीवर वेगळे असतात. एकीकडे फक्त डावी कूस मिळाली, दुसरीकडे फक्त उजवी, तर जनावर एकच की दोन, हे कुणी सांगावं? आणि गवत! उन्हाने तापलेलं पातं वाऱ्यावर डुललं तरी कॅमेऱ्याला तो प्राणीच वाटतो. त्यामुळे विळा घेऊन कॅमेऱ्यापुढचं गवत कापत बसणं हाही माझ्या शास्त्राचा भाग आहे. परवा तर एका कॅमेऱ्याच्या खोक्यात मुंग्या अंड्यांसकट राहायला आलेल्या. भिंगासमोरून चाललेली एक मुंगी फोटोत केवढी थोरली दिसते!

बाबा, हिशेब तुमच्या आवडीचा म्हणून सांगते. न दिसणारे प्राणी मोजायचे कसे? आईच्या शिवणाच्या डब्यात बटणं किती, ते न ओतता काढायचंय असं समजा. ५० बटणं काढून खूण करा, परत टाका, डबा नीट हलवा. मग ४० काढा. त्यात १० खुणेची निघाली, म्हणजे चौथा हिस्सा. तर डब्यात साधारण २००. डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांना खुणा करून याच वाटेने सुरुवात केली. पुढे १९३० मध्ये अमेरिकेत पक्षीशास्त्रज्ञ लिंकन यांनी पायात कडी घातलेल्या बदकांवरून तोच हिशेब मांडला. वाघाच्या अंगावर खूण निसर्गानेच करून ठेवलेली, म्हणून वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेऱ्यांनी ही पद्धत वाघांना लावली. आमची गणितं आता बरीच किचकट झाली आहेत, कारण जनावरं बटणांसारखी एका जागी राहत नाहीत, जन्मतात, मरतात, निघून जातात. पण मूळ हेच.

आता मुख्य मुद्दा. शहरातल्या त्या नोकरीला मी नकार कळवला आहे. रागावू नका, कारण ऐका. एका हंगामाच्या आकड्याने ‘किती’ एवढंच कळतं. वाढताहेत की घटताहेत, हे कळायला त्याच जागा, तीच पद्धत, पुन्हा पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी लागते. मधूनच माणूस बदलला की वहीतल्या खाणाखुणा लागत नाहीत, कॅमेऱ्याची जागा दहा पावलं सरकते, आणि मग फरक जनावरांत पडला की मोजणाऱ्यात, यावर वाद घालत बसायचं. अर्धवट टाकून आले तर झालेलं कामही वाया जाईल. पगार कमी आहे, मान्य. तो मुद्दा मी खोडत नाही.

काळजी कराल, हे धरूनच चालते. पण योग्य गोष्टीची करा! जनावरं आमची चाहूल लागताच वाट सोडतात. त्रास देतात त्या गोचिड्या आणि डोळ्याला न दिसणारे माइट्स, म्हणजे गोचिडीच्याच जातकुळीतले बारीक किडे, ज्यांच्यापासून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. म्हणून पॅन्ट मोज्यांत खोचलेली, आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. जाळायची नाही, तेल लावायचं नाही. (आई, तुझा तेलाचा उपाय इथे चालत नाही.) दुसरा धोका पाण्याचा. वर पाऊस झाला की इथला कोरडा ओढा बघता बघता भरतो. लोंढा ओसरेपर्यंत अलीकडेच थांबायचं, मग मुक्काम पडला तरी बेहत्तर. आणि एकटं कुणीच बाहेर पडत नाही.

रोज संध्याकाळी माझ्या सॅटेलाइट यंत्रावरून ‘ठीक आहे’ असा निरोप तुमच्या फोनवर येतो. झाडी दाट असली की तो कधी उशिरा पोचतो, कधी राहूनही जातो. तेव्हा बाबा, एखाद्या संध्याकाळी आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा, मग कचेरीत फोन करा. रात्री दहा वाजता साहेबांना उठवू नका. मागच्या वेळी त्यांनी मला वायरलेसवर बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, ‘घरी कळवलं का?’

तुमची,
चिऊ